गुरख्याची काठी आणि बँडची ‘गाढ झोप’: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात मी मनगटावर बांधायचा बँड घेतला. तीन हजारांच्या आतला, रबरी पट्ट्याचा. कंपनीचं नाव देत नाही, कारण या किमतीतले बँड आतून जवळपास सारख्याच पद्धतीने चालतात आणि मला सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाही.

मी ४७ वर्षांची, नाशिकला सातवी-आठवीला गणित शिकवते. दीडेक वर्ष रात्री झोप लवकर लागत नव्हती आणि सकाळी अंग ठेचल्यासारखं व्हायचं. फळ्यावर उदाहरण सोडवताना मधली पायरी सुटायला लागली, तेव्हा मी घरी बोलले. मुलगी म्हणाली, “आई, आधी मोजून तरी बघ.”

पहिल्या पंधरवड्यात बँडने सांगितलं की माझी झोप उत्तम आहे. सरासरी सात तास दहा मिनिटं, शंभरपैकी ८२ गुण. मला ते पटेना. आमच्या गल्लीत रात्री साडेबाराच्या सुमारास गुरखा येतो आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर काठीचे दोन टोले देतो. ते मला ऐकू यायचे. मग उशाशी वही ठेवली आणि टोले ऐकले त्या रात्री सकाळी फुली मारली. चौदा रात्रींत नऊ फुल्या. त्या नऊही रात्री बँडच्या लेखी मी अकराच्या आत झोपलेली होते, आणि दोन रात्री तर बरोबर साडेबाराला ‘गाढ झोप’ लिहिलेलं होतं.

असं का होतं ते समजून घेतलं. बँडमध्ये हालचाल टिपणारा अगदी छोटा सेन्सर असतो, आणि पाठीमागचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताच्या लहरींवरून नाडीचे ठोके मोजतो. या दोन गोष्टींवरून तो झोपेचा अंदाज बांधतो. झोपेच्या प्रयोगशाळेत डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला आणि नडग्यांवर तारा चिकटवतात, मेंदूच्या लहरी बघतात आणि मग झोप कोणत्या टप्प्यात आहे ते ठरवतात. बँडला मेंदूचं काहीच दिसत नाही. हात स्थिर आणि नाडी संथ, म्हणजे माणूस झोपला, असं तो धरतो. त्यामुळे झोपलेल्याला ‘झोपलेला’ म्हणण्यात तो सहसा चुकत नाही, पण निपचित पडून जागा असलेला माणूस त्याला ओळखता येत नाही. ज्याचा त्रासच झोप न लागण्याचा आहे, त्याच्या बाबतीत नेमकी हीच चूक महागात पडते. म्हणून ‘गाढ’, ‘हलकी’, ‘स्वप्नांची झोप’ हे रंगीत पट्टे मी जुलैपासून बघायचे सोडून दिले.

पण त्याच ॲपमध्ये खाली एक साधी पट्टी आहे, ‘अस्वस्थता’ नावाची. कूस बदलली, हात हलला की एक बारीक उभी रेघ. कोणताही निरोगी माणूस रात्रीत कितीतरी वेळा कूस बदलतो, क्षणभर जागाही होतो आणि सकाळी त्याला त्यातलं काही आठवत नाही. तेव्हा एका रात्रीच्या रेघा मोजून काही कळत नाही. मी सहा आठवड्यांच्या पट्ट्या वहीत एकाखाली एक काढल्या. गणिताच्या माणसाला हे सुचणारच. आणि आकार दिसला. अकरा ते दीडच्या दरम्यान रेघांचं रान, तीननंतर जवळजवळ मोकळं. तोवर मी सगळं चिंतेवर आणि वयावर ढकलत होते. पण चिंतेने मला जाग यायची ती पहाटे चारला, आणि पहाटे तर पट्टी स्वच्छ होती!

हे यजमानांना दाखवलं तर ते सहज म्हणाले, “अगं, झोप लागल्यावर तू तासभर पाय झाडतेस. मला वाटलं तुला माहीत आहे.” मला खरंच माहीत नव्हतं. आणि मनगटावरच्या बँडला पाय कसे कळणार? म्हणून मुलीच्या जुन्या बँडचा पट्टा जोडून लांबी वाढवली आणि तो घोट्याच्या वर बांधला. पहिल्या रात्री त्याने नोंदच केली नाही, त्याच्या मते तो कुणाच्या अंगावरच नव्हता. दुसऱ्या रात्री आतल्या बाजूला घट्ट बसवला. नाडीचे आकडे निरर्थक आले, पण अस्वस्थतेची पट्टी दीड वाजेपर्यंत जवळपास काळी भरलेली. तिसऱ्या रात्रीही तेच.

मग आठवत गेलं. संध्याकाळी सोफ्यावर बसलं की पोटऱ्यांत आतून शिवशिवतं. मुंग्या नव्हेत, दुखणंही नव्हे, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही अशी ओढ. उठून स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्या की बरं वाटतं, पुन्हा बसलं की सुरू. दिवसभर वर्गात उभी असते तेव्हा काहीच नाही. हे मी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण याला आजार म्हणतात हेच ठाऊक नव्हतं.

ऑगस्टअखेर डॉक्टर मॅडमकडे वही घेऊन गेले. त्यांनी ॲप बाजूला ठेवलं आणि चारच गोष्टी विचारल्या. पाय हलवावेसे वाटतात का, बसल्या-पडल्यावर वाढतं का, चाललं की थांबतं का, संध्याकाळी-रात्री जास्त असतं का. चारही ‘हो’. म्हणाल्या, याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात, निदान लक्षणांवरूनच होतं, त्यासाठी प्रयोगशाळेत झोपायची गरज नाही. रक्तात फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघायला सांगितलं. हिमोग्लोबिन १२.१ होतं, फेरिटिन १४. हिमोग्लोबिन ठीक दिसत असूनही साठा रिकामा असू शकतो, आणि या त्रासात तो ७५ च्या वर असावा असं बघतात. गेली तीन-चार वर्षं पाळीत रक्तस्राव फार होत होता, तो हिशेब इथे जुळला.

सर्दीला मी झोप आणणारी गोळी घ्यायची, ती त्यांनी बंद केली. अशा काही गोळ्यांनी पायांची ओढ उलट वाढते. लोहाची गोळी एक दिवसाआड, लिंबू सरबताबरोबर, आणि जेवणावरचा चहा बंद, कारण चहा लोह शोषू देत नाही. आमच्या घरात जेवण झालं की आधण चढतंच, त्यामुळे मला हे सगळ्यांत जड गेलं. एक कळकळीची विनंती: हे वाचून कुणी आपण होऊन लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. आधी रक्त तपासा. साठा पुरेसा असताना वरून घेतलेलं लोह अपाय करतं.

सप्टेंबरपासून गोळी सुरू आहे. पहिला महिना पट्टीत काही फरक नव्हता, पोट मात्र बिघडलं. नोव्हेंबरात रेघा विरळ व्हायला लागल्या. त्याच सुमारास थंडीही पडली आणि गारव्यात मला एरवीही बरी झोप लागते, म्हणून सगळं श्रेय गोळीला देत नाही. पण संध्याकाळची सोफ्यावरची ओढ गेली आहे, आणि ती काही हवेने गेलेली नाही. वहीतल्या फुल्या पहिल्या चौदा रात्रींत नऊ होत्या, जानेवारीच्या एकतीस रात्रींत पाच.

बँडच्या त्रासाचंही सांगते. पावसाळ्यात पट्ट्याखाली घाम साचून लाल चट्टा उठला, आठवडाभर हात बदलावा लागला. टीव्हीसमोर शांत बसलेला तास तो झोपेत धरतो. ऑक्टोबरात ॲप अपडेट झालं आणि गुण मोजायची पद्धत बदलली, एका रात्रीत माझे ८० चे ६९ झाले. जुने आकडे नव्यांशी जुळवता येत नाहीत आणि कंपनीने त्याबद्दल एक ओळही कळवली नाही, याचा मला राग आहे. एकदा ऑक्सिजन ८४ दाखवला, घाबरून पहाट होईस्तोवर जागी राहिले. हात अंगाखाली दबला होता. तो आकडा एकट्याने भरवशाचा नाही. पण घरात कुणी मोठ्याने घोरत असेल, मध्येच श्वास अडकून दचकत असेल, दिवसा पेंगत असेल, तर बँड काहीही म्हणो, त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.

आणखी एक. जुलैत मी डोळे उघडल्याबरोबर गुण बघायची. आकडा कमी असला की शाळेत पोचायच्या आतच थकल्यासारखं वाटायचं, मग प्रत्यक्षात झोप बरी झालेली असली तरी. याला संशोधकांनी २०१७ मध्ये ऑर्थोसोम्निया असं नाव दिलं आहे, बिनचूक झोपेच्या हव्यासापायी झोप बिघडणं. आता आधी वहीत लिहिते, कशी झोप लागली, ताजं वाटतंय का. ॲप रविवारी एकदाच उघडते, आठवड्याच्या पट्ट्या एकत्र बघायला.

डिसेंबरच्या तपासणीत फेरिटिन ४१ आलं. मॅडम म्हणाल्या, अजून तीन महिने गोळी चालू ठेवा, मार्चमध्ये परत बघू. तोवर बँड हातावर आहे आणि वही उशाशी.