लोड वाहणाऱ्या डिझेल पिकअपला हेवी ड्युटी क्लच टाकला, काही महिन्यांनंतरचा अनुभव

नवीन क्लच टाकल्यावर पहिला आठवडाभर कुठलाही क्लच भारीच वाटतो, म्हणून तेव्हा मुद्दामच काही लिहिलं नाही. आता उन्हाळा झाला, पाऊस झाला, फुल लोड घेऊन चढ चढून झाले, ट्रॅफिकमध्ये रांगून झालं, आता सांगण्यासारखं काहीतरी आहे.

क्लच म्हणजे इंजिनचा जोर गिअरबॉक्सला जोडणारा-तोडणारा भाग. माझा जुना क्लच गेला तो एकदम नाही गेला. रिकामी गाडी मस्त चालायची, कुणी म्हणालं नसतं की काही प्रॉब्लेम आहे. पण मागे माल भरला आणि चढाला टॉप गिअरमध्ये पाय दाबला की आरपीएमचा काटा सुर्रकन वर आणि स्पीड आहे तिथंच, आणि मग तो जळका वास. कुणाला शंका असेल तर हीच टेस्ट करा, मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमला फुल अ‍ॅक्सिलरेटर द्या, क्लच घसरत असेल तर लगेच कळतं. फक्त परत परत करू नका, उरलीसुरली प्लेट पण जाईल.

खोलल्यावर प्लेट हातात घेतली तर लायनिंग (प्लेटवरचा घासणारा थर) झिजून रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आलेलं, आणि फ्लायव्हीलवर (इंजिनचं जड चाक, ज्याला प्लेट चिकटते) निळे-काळे डाग, मधे केसासारख्या बारीक भेगा. हे डाग म्हणजे तिथं प्रचंड हीट झालेली असते आणि तेवढी जागा कडक झालेली असते. त्यावर तशीच नवीन प्लेट बसवली तर गाडी उचलताना थरथरणार हे ठरलेलं.

आता कुठला क्लच घ्यायचा यावर मी बराच डोकं खाजवत बसलो होतो. जो तो म्हणतो सिरॅमिक टाक, आयुष्यभर बघायला नको. माझं मत वेगळं आहे. टर्बो डिझेलचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) खालीच येतो, साधारण १५०० ते २५०० आरपीएमच्या आसपास, म्हणजे क्लच सोडता सोडताच जवळपास पूर्ण जोर प्लेटवर पडतो. सिरॅमिक बटणवाली प्लेट हीट भरपूर सहन करते हे खरंय, पण ती पकडते ती एकदम, हाफ क्लचला मधलं काही नाहीच, आणि तो धक्का पुढे गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, डिफरन्शियल या सगळ्यांना बसतो. वर फ्लायव्हील पण लवकर खाते. रेसच्या गाडीला ठीक आहे, रोज माल घेऊन गर्दीत उलटी गाडी लावणाऱ्याला नाही. केव्हलार (मजबूत धाग्याच्या लायनिंगची प्लेट) नरम पकडते आणि टिकते पण चांगली, पण तिला सेट व्हायला शेकडो किलोमीटर हळू चालवावं लागतं आणि तेवढ्यात ती तापवली तर वर काच धरल्यासारखी चकाकी येते. लोडच्या गाडीला एवढे लाड कोण करणार.

शेवटी घेतला ऑर्गॅनिक (नेहमीच्या) लायनिंगचाच, पण हेवी ड्युटी, म्हणजे प्रेशर प्लेटचा (प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब स्टॉकपेक्षा थोडा जास्त. हिशोब सोपा आहे, क्लच किती टॉर्क पेलणार हे चार गोष्टींवर ठरतं: लायनिंगची पकड, प्रेशर प्लेटचा दाब, प्लेटचा व्यास आणि घासणाऱ्या बाजू किती. व्यास फ्लायव्हीलवर बसेल तेवढाच राहणार, बाजू दोनच, मग उरलं काय तर दाब आणि मटेरियल. मटेरियल बदलून चालवण्याची मजा घालवण्यापेक्षा दाब थोडा वाढवलेला बरा. थोडाच. दुप्पट दाबवाला लावला तर पेडल दाबून पाय दुखतो आणि प्रत्येक वेळी तो जोर क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर (क्रँकला मागेपुढे सरकू न देणाऱ्या चकतीवर) जातो ते वेगळंच. इंजिन रिमॅप केलेलं (कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलेलं) असेल तर वाढलेला टॉर्क धरूनच क्लच निवडा, कंपनीच्या मूळ आकड्यावर जाऊ नका.

प्लेट घेताना अजून एक बघितलं, मधल्या स्प्रिंगा. डिझेलचे झटके त्या गिळतात. नव्या प्लेटच्या काही स्प्रिंगा हाताला थोड्या खुळखुळल्या तर घाबरू नका, बऱ्याच प्लेटमध्ये त्या मुद्दाम तशा असतात; तुटलेली किंवा तडा गेलेली स्प्रिंग दिसली तर मात्र तसली प्लेट घेऊच नका, कितीही स्वस्त असो. माझ्या गाडीला साधं सॉलिड फ्लायव्हील आहे. ड्युअल मासवाल्यांनी (दोन भागांचं, मधे स्प्रिंगा असलेलं फ्लायव्हील) सॉलिड किट टाकायच्या आधी विचार करा, खर्च वाचतो पण न्यूट्रलला गिअरबॉक्स खडखड करायला लागतो बऱ्याच गाड्यांत, कारण झटके गिळणारं फ्लायव्हीलच निघून गेलं.

आणि हे नीट वाचा. क्लच टिकतो तो अर्धा बसवण्यावर. गिअरबॉक्स खाली उतरलाच आहे तर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील त्याच वेळी बदला. सीलमधून तेल झिरपून लायनिंगला लागलं की जगातला कुठलाही क्लच घसरणार. फ्लायव्हीलला लेथवर फेस मारून घेतला, भेगा वरवरच्या होत्या म्हणून निघाल्या, खोल असत्या तर फ्लायव्हीलच बदलावं लागलं असतं. स्प्लाइनला (प्लेट ज्यावर सरकते त्या शाफ्टच्या दातांना) ग्रीस अगदी नावाला, जास्त लावलं की उडून लायनिंगवर. प्रेशर प्लेटचे बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे. मेकॅनिकला घाई असते, त्यामुळे मी तिथंच स्टूल टाकून बसलो होतो, त्याला आवडलं नसेल पण असो.

सुरुवातीला मुद्दाम लोड कमी घेतला, शहरातच चालवली, लायनिंग बसू दिलं. पेडल आधीपेक्षा जड लागतं, चार-पाच दिवस जाणवलं, आता लक्षातही येत नाही. पिकअप पॉइंट (पेडल सोडताना क्लच पकडायला लागतो ती जागा) थोडा वर आहे. सकाळी थंड गाडी रिव्हर्सला घेताना हलकीशी थरथर येते, दोन-तीन वेळा क्लच सोडला की गायब. पावसात दमट हवेत ती जास्त जाणवली. हे सोडलं तर तक्रार नाही, फुल लोडमध्ये चढावर थांबून परत उचलली तरी वास नाही, काटा आणि स्पीड बरोबर चालतात.

चढावर मात्र हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची नाही, हँडब्रेक ओढायचा. ड्रायव्हर दुसरा असेल तर त्याला आधी हेच सांगा, कारण पेडलवर पाय ठेवून चालवणाऱ्याच्या हाती दिलेली हेवी ड्युटी प्लेट पण स्टॉकएवढीच टिकेल. पुढच्या सर्व्हिसला क्लच ऑइल (पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणारं) बदलून एअर काढून घेणार आहे, लायनिंगचं काय ते अजून एक सीझन गेल्यावर लिहीन.