कसबा पेठ ते मंडई, आई-बाबांसोबत पायी: पाचपैकी चार

एक तारा पदपथांनी खाल्ला. बाकी फेरी झकास.

पाहुण्या आई-बाबांना जुनं पुणं दाखवायचं म्हणून लोक गाडी काढतात आणि शनिवारवाड्याभोवती पार्किंग शोधत बसतात. त्यापेक्षा सकाळी नऊच्या सुमारास मेट्रोनं कसबा पेठेला उतरावं आणि मंडई स्टेशनपर्यंत चालत जावं. अंतर जेमतेम अडीच-तीन किलोमीटर, पण ज्येष्ठांबरोबर तीन तास धराच. स्वच्छतागृह स्टेशनातलंच वापरून निघा, पुढे भरवसा नाही.

तांबट आळीत मठारकाम चालू असेल तर घाई करू नका. भट्टीत तापवून मऊ केलेलं तांब्याचं भांडं लोखंडी दांड्यावर चढवतात आणि ओळीनं ठोके देतात. ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो, म्हणून मठारलेल्या भांड्याला सहसा पोचे पडत नाहीत. तिथून कसबा गणपती. लाल महाल बाहेरूनच बघा, आजची वास्तू विसाव्या शतकातली आहे.

शिवाजी रस्ता ओलांडताना एकमार्गीच्या भरवशावर राहू नये, दोन्हीकडे बघावं. शनिवारवाडा १७३२ चा, पण १८२८ च्या आगीनंतर आत मुख्यतः जोतीच उरली. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी नगारखान्याचा जिना सरळ गाळावा, पायऱ्या उंच आहेत. खरा ऐवज दिल्ली दरवाजा: हत्तीनं धडक देऊ नये म्हणून त्याच्या कपाळाच्या उंचीवर ठोकलेले अणकुचीदार खिळे जवळ जाऊन बघा.

दगडूशेठचं दर्शन मंगळवारी आणि चतुर्थीला रस्त्यावरूनच घ्यावं, रांगेत सगळी सकाळ जाते. बाजीराव रस्त्यावर दुसऱ्या बाजीरावांचा विश्रामबागवाडा लागतो. त्याच्या दर्शनी सज्जाचं कोरीव लाकूडकाम समोरच्या बाजूनं चांगलं दिसतं. तिथून तुळशीबाग. राममंदिराचं काम १७६१ मध्ये सुरू झालं. वाटेत निवांत टेकायला हीच जागा, पण दुकानं उघडायच्या आत. अकरानंतर बोळात खांद्याला खांदा लागतो. श्रीकृष्ण भुवनची मिसळ इथंच मिळते, तिखट न झेपणाऱ्यांसाठी रस्सा वेगळा मागा. सोमवारी लक्ष्मी रस्त्यावरची बरीच दुकानं बंद असतात. चालायला ते बरं, पण आईला खरेदी करायची असेल तर वार बदला.

शेवटी १८८६ ची मंडई, अष्टकोनी मनोऱ्याची. भाजी इथंच घ्या, कारण पुढे फक्त स्टेशनची लिफ्ट गाठायची आहे.