दालीच्या नावाखाली गळ्यात मारलेलं फ्लेक्स

धुळ्यात देवपूरला आमचं नवं घर झालं. हॉलच्या भिंतीवर मला स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीचं वितळलेल्या घड्याळांचं चित्र हवं होतं, कॉलेजपासूनची इच्छा होती. मोबाइलवर जाहिरात दिसली: कॅनव्हास प्रिंट, मूळ आकारात, चित्रकाराच्या हातची सही, फक्त ३०० प्रती, प्रमाणपत्रासह ४,८०० रुपये. माल हातात आल्यावर पैसे देण्याची सोय नव्हती. मी यूपीआयने सगळे आधीच भरले.

पार्सल उघडलं तसा खोलीभर रॉकेलसारखा वास सुटला. चार फूट बाय दोन फुटांचं चित्र, घड्याळं आडवी ताणलेली. मूळ चित्रात डावीकडे खाली नारिंगी घड्याळावर मुंग्या आहेत, बारीक, एकेक वेगळी. इथे नुसता काळा डाग. गल्लीतल्या फ्लेक्सवाल्या भाऊंना बोलावलं. त्यांनी कोपरा उलटा केला, नखाने खरवडला आणि म्हणाले, "ताई, हाई ते फ्लेक्स शे. आम्ही वाढदिवसले लावतस ना, तेच."

'मूळ आकार' ऐकूनच मी थांबायला हवं होतं. १९३१ सालचं ते चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे आणि जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचं आहे, वहीच्या पानाएवढं. ते चार बाय दोनमध्ये बसवायचं तर ताणावं लागतं, नाहीतर कापावं लागतं. सही भिंगाखाली पाहिली, तर चित्रासारखेच शाईचे ठिपके. पेन्सिलने केलेली सही कागदावर दाब सोडते. आणि दालीच्या सहीचा तर भरवसाच धरू नये, त्याने कोऱ्या कागदांवरही सह्या करून दिल्या होत्या आणि त्याच्या नावाच्या खोट्या प्रतींचा जगभर सुळसुळाट आहे.

स्वस्त प्रिंट घेण्यात काहीच गैर नाही. मात्र आधी विचारा: कागद कोणता, शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या रंगाच्या पुडीची) की डायची (विरघळलेल्या रंगाची)? डायची शाई आपल्या खान्देशातल्या उन्हात पश्चिमेच्या भिंतीवर लवकर उडते. छापायच्या फाइलचा आकारही विचारा. तीन फुटांच्या बाजूला इंचाला १५० ठिपके धरले तरी ५,४०० पिक्सेल लागतात. छपाईचा परवाना कोणाचा, हेही विचारा. दाली १९८९ मध्ये गेला, आपल्या कायद्याने मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात.

विक्रेत्याने आधी 'कस्टम ऑर्डर परत होत नाही' म्हणून सांगितलं, मग माझा नंबर ब्लॉक केला. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तो एकोणीस दिवसांनी. पैसे गेले की त्याच तासाला करा, उशीर झाला की रक्कम खात्यातून पुढे सरकलेली असते. माझे परत आलेले नाहीत.

परवा भुसावळच्या मावसबहिणीने तिच्या चित्राचा फोटो पाठवला. जाहिरात तीच होती. माझ्या चित्राच्या कोपऱ्यात २७/३०० लिहिलंय, म्हणजे ३०० पैकी २७वी प्रत. तिच्याही चित्रावर २७/३००.