निवृत्त पोलीस, रोज चार तास: घोडबंदर रोडच्या सोसायट्यांसाठी ही सेवा कशी आहे?

घोडबंदर रोडला मानपाड्यापासून गायमुखापर्यंतच्या मोठ्या संकुलांना सुरक्षा एजन्सी एक अर्धवेळ सेवा देतात. निवृत्त हवालदार, सहायक फौजदार किंवा फौजदार रोज चार तास येतो आणि वॉचमनच्या कामावर देखरेख ठेवतो. सेवा घेण्यासारखी आहे, पण बऱ्याच कमिट्या ती भलत्याच कामासाठी घेतात. साहेब गेटवर बसले की चोर फिरकणार नाही, या हिशेबाने चार तास खुर्चीत बसवलेला निवृत्त पोलीस म्हणजे महागडा वॉचमन. त्याच्याकडून घ्यायचं ते वेगळंच: तीस-पस्तीस वर्षं नोंदी लिहिण्याची आणि दुसऱ्याने लिहिलेल्या नोंदी तपासण्याची सवय.

रात्रीच्या गस्तीचं रजिस्टर घ्या. बारा, दोन, चार अशा फेऱ्यांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच दमात लिहिलेल्या असतील, तर त्या सकाळी बसून भरल्या आहेत हे ठाणे अंमलदार (पोलीस ठाण्याच्या नोंदी ठेवणारा) म्हणून काम केलेला माणूस पान उलटताच ओळखतो. सेक्रेटरी मात्र सही करून मोकळा होतो. गेटवरच्या अ‍ॅपमध्येही अशीच पळवाट असते. रहिवाशाने फोन उचलला नाही की वॉचमन स्वतःच परवानगीचं बटण दाबतो आणि डिलिव्हरीवाला वर जातो. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा नोंदी काढून त्या घरी विचारलं की हे उघडं पडतं.

चार तास कुठले, यावर बरंच अवलंबून आहे. पाळी सकाळ-संध्याकाळ आठला बदलत असेल, तर सर्वांत ढिला काळ पावणेआठ ते सव्वाआठ. जाणारा कपडे बदलायला गेलेला, येणारा रिक्षात अडकलेला, आणि नेमकी त्याच वेळी गेटवर गर्दी. म्हणून संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा ही वेळ चांगली. पण रोज तीच ठेवली की आठवडाभरात वॉचमन त्याप्रमाणे वागायला शिकतात. चार दिवस संध्याकाळ, एक दिवस दुपार आणि एक दिवस न सांगता पहाटे चार ते आठ, असं वाटप जास्त उपयोगी. येऊरच्या जंगलाकडे पाठ असलेल्या इमारतींत पहाटेच्या फेरीला मागच्या भिंतीचे दिवे आणि कचऱ्याची जागा पाहायलाच हवी. उघड्या कचऱ्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. तो दिसला तर माणसं लांब ठेवून वन विभागाच्या १९२६ वर कळवायचं, टॉर्च घेऊन मागे जायचं नाही.

या सेवेचा खरा पैसा वसूल होतो तो सीसीटीव्हीत. कॅमेरे चालू असतात, पण चोरीनंतर फुटेज निरुपयोगी ठरतं, त्याची कारणं साधी असतात. डीव्हीआरचं (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ पुढेमागे असतं, डिस्क भरून जुनं पुसलं गेलेलं असतं, किंवा कुणीतरी मॉनिटरसमोर मोबाइल धरून व्हिडिओ काढतो आणि तोच पुरावा समजतो. महिन्यातून एकदा तीन गोष्टी करून घ्या. डीव्हीआरची वेळ मोबाइलशी ताडून फरक वहीत लिहायचा. सर्वांत जुनी क्लिप उघडून साठवण प्रत्यक्षात किती दिवसांची आहे ते बघायचं. रात्री दोनचं चित्र लावून गाडीचा नंबर वाचता येतो का हे तपासायचं. घटना घडली तर मूळ फाइल उतरवून घ्यायची आणि पोलिसांना देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडायचं. त्या नमुन्यात फाइलचं हॅश मूल्यही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ताडून पाहण्याचा सांकेतिक क्रमांक, लिहावं लागतं. जुन्या काळात निवृत्त झालेल्याला हे ठाऊक असेलच असं नाही. नवे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू आहेत, त्यामुळे नेमणुकीआधी हा प्रश्न जरूर विचारा.

ज्येष्ठांसाठीचं काम करारात सहसा नसतं. ते घालून घ्या, असा आमचा आग्रह आहे. 'डिजिटल अटक' म्हणून व्हिडिओ कॉलवर खाकी घालून बसलेला भामटा एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना तासन्‌तास खोलीत कोंडून ठेवतो. कायद्यात असली अटक नाही, हे मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो तेव्हा पटत नाही. खाकीत आयुष्य काढलेला माणूस दारात उभा राहून सांगतो तेव्हा पटतं. एकट्या ज्येष्ठांची यादी, आठवड्याला एक भेट, आणि इंटरकॉमजवळ मोठ्या अक्षरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा कागद, एवढं पुरे. पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० ला. त्या वेळी खातं, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक हाताशी हवा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवली तरच ती परत मिळण्याची आशा असते, म्हणून इथे मिनिटं मोजायची.

आता दोष. सगळ्यांत मोठा म्हणजे चौकशी. दागिना हरवला की घरकाम करणाऱ्या बाईला केबिनमध्ये बसवून दरडावायचं, ही सवय निवृत्तीबरोबर जात नाही, आणि कमिटीतल्या काहींना ती आवडते. हा अन्याय आहे आणि बेकायदाही आहे. निवृत्तीनंतर त्याला तुमच्या-आमच्याइतकाच अधिकार उरतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार अजामीनपात्र दखलपात्र गुन्हा डोळ्यांदेखत घडला तर कोणीही त्या माणसाला धरू शकतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवावंच लागतं. संशयावरून कोंडणं, झडती घेणं, मोबाइल तपासणं यांतलं काहीही चालत नाही. ११२ लावायचा आणि लिहून ठेवायचं. गेटबाहेरच्या सर्व्हिस रोडवर गाड्या अडवून वाहतूक वळवणंही त्याचं काम नाही. स्कूल बसच्या वेळी गेटच्या आत रांग लावून द्यावी, ती मदत मोठी आहे.

दुसरा दोष ओळखीच्या अपेक्षेचा. ठाणे आयुक्तालय बदलापूरपर्यंत पसरलेलं आहे, नवी मुंबईचं वेगळं, आणि गायमुखाचा घाट उतरलात की मीरा-भाईंदर, वसई-विरारची हद्द. उल्हासनगरला नोकरी काढलेल्या हवालदाराला इथल्या कासारवडवली पोलीस ठाण्यातलं कुणी ओळखेलच असं नाही. त्याने अर्ज नीट लिहून द्यावा, पोच घ्यावी, भाडेकरूंच्या ऑनलाइन माहितीच्या पावत्यांची फाइल ठेवावी. कुणाची तक्रार दाबायला किंवा पुढे ढकलायला त्याला पाठवू नका.

कागद तपासताना एजन्सीचा परवाना खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा, २००५ खालचा हवा, तो पाच वर्षांचा असतो. याच कायद्यात पोलिसांतून गैरवर्तनामुळे बडतर्फ झालेल्याला घ्यायला बंदी आहे. 'माजी पोलीस' या शब्दात हे लपतं, म्हणून पेन्शनचा आदेश पाहा. वयाची मर्यादा ६५, आणि कायद्यातल्या 'सुरक्षा रक्षक' या व्याख्येत सुपरवायझरही येतो. ५८ ला निवृत्त झालेल्याकडे सातच वर्षं असतात. पोलिसांसारखा दिसणारा गणवेश घातला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओळखपत्र एजन्सीचं हवं, निवृत्तीचं कार्ड चालत नाही. शेवटची दहा वर्षं कुठल्या शाखेत काढली हेही विचारा. बीटवर (ठरलेल्या भागाच्या गस्तीवर) किंवा गुन्ह्यांचा छडा लावणाऱ्या डीबी पथकात काम केलेला माणूस आणि बिनतारी विभागातला माणूस, दोघेही निवृत्त पोलीसच, पण गेटवर उपयोगी पडणारी नजर वेगळी.

करार आधी तीन महिन्यांचाच करा, आणि साहेब रजेवर असतील तेव्हा बदली कोण येणार हे त्यात लिहून घ्या, नाहीतर त्या दिवशी साधा सुपरवायझर येतो आणि बिल पूर्ण लागतं. मुदत संपताना कमिटीने स्वतः गस्तीचं रजिस्टर, डीव्हीआरच्या वेळेची वही आणि ज्येष्ठांच्या भेटींची यादी उघडून बसावं. तिन्ही कोरी असतील तर नूतनीकरण करू नये.