बदलून मिळणारा रिफर्बिश्ड फोन : सेवा कशी आहे आणि सही करण्याआधी काय बघायचं

वॉरंटीत किंवा पैसे भरून घेतलेल्या प्रोटेक्शन प्लॅनमध्ये फोन बदलून मिळतो, तेव्हा तो कोराच असेल असं नाही. अटींमध्ये बऱ्याचदा 'नवीन किंवा रिफर्बिश्ड' असं लिहिलेलं असतं. रिफर्बिश्ड म्हणजे कुणाचा तरी परत आलेला, उघडून दुरुस्त केलेला आणि तपासून पुन्हा बंद केलेला फोन. ही सेवा टाकाऊ नाही. मदरबोर्ड, म्हणजे आतली मुख्य सर्किटची पाटी, गेलेल्या फोनसाठी हा परवडणारा रस्ता आहे. फक्त डिस्प्ले फुटला असेल तर मात्र बदली घेऊ नका, दुरुस्तीच मागा. स्वतःच्या फोनचा बोर्ड आणि त्याची रेंज तुम्हाला माहीत असते, आलेल्या फोनची नसते.

खेड्यात हा फोन सगळ्यात जास्त फसवतो तो रेंजमध्येच. फोन उघडताना अँटेनाचे बारीक स्प्रिंग आणि बोर्डांना जोडणारी केसासारखी अँटेनाची वायर सुटी करावी लागते. बंद करताना वायरचं टोक पूर्ण दाबलं गेलं नाही किंवा स्प्रिंग वाकला, तर सिग्नल घटतो. टॉवर जवळ असला की ही घट कळत नाही, डांड्या पूर्ण दिसतात. तोच फोन टॉवरपासून तीन-चार किलोमीटरवरच्या वावरात नेला की कॉल तुटायला लागतात आणि ओटीपी येत नाही. मग दोष सिम कंपनीला दिला जातो.

म्हणून डांड्या बघू नका, आकडा बघा. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन', त्यात 'स्टेटस', मग 'सिम स्टेटस' उघडलं की बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) दिसतो. उणे ८५ च्या आसपास चांगला, उणे १०५ अशक्त, उणे ११५ च्या पुढे कॉलचा भरवसा नाही. तुमचं सिम आधी सोबतच्या चांगल्या फोनमध्ये आणि मग आलेल्या फोनमध्ये, त्याच जागी, दोन-दोन मिनिटं ठेवून आकडे लिहून घ्या. दोन्ही फोन त्या वेळी फोरजीवरच ठेवा, नाहीतर तुलना चुकते. तीन-चारचा फरक सोडून द्या. सतत १० चा फरक असेल तर फोन परत करा, कारण १० डीबी कमी म्हणजे सिग्नलची ताकद दहापट कमी. ही परीक्षा दुकानाच्या दारात न करता आतल्या खोलीत करा, तिथे सिग्नल आधीच कमी असतो.

मॉडेल बदलून देत असतील तर बँडही विचारा, म्हणजे तो फोन कोणत्या लहरींचे पट्टे पकडतो ते. जिओला टूजी-थ्रीजी नाही, त्यामुळे व्होएलटीई (फोरजीवरूनच कॉल लावायची सोय) चालत नसेल तर त्या फोनवरून साधा कॉलही लागणार नाही. गावापर्यंत लांब पोहोचणारा जिओचा फोरजी ८५० मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे बँड ५ आहे. मेळघाटात किंवा भामरागड-एटापल्लीकडे बीएसएनएलवर अवलंबून असाल तर बँड २८ आणि बँड १ दोन्ही बघा. बीएसएनएलच्या फोरजीचा ७०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा बँड २८ मध्ये येतो आणि जुन्या कितीतरी फोनमध्ये हा बँडच नसतो. ही गोष्ट काउंटरवरचा मुलगा स्वतःहून सांगत नाही.

त्यानंतर लॉक. फोन हातात आला की तिथेच फॅक्टरी रीसेट मारा, नेट जोडा आणि सुरुवातीपासून चालू करा. आधीच्या मालकाचं गुगल खातं मागितलं तर फोन निरुपयोगी आहे. हप्त्यावर घेतलेल्या फोनमध्ये फायनान्सवाल्यांचं लॉक असतं. ते रीसेटनंतर नेट मिळताच परत येऊ शकतं. म्हणून नेट जोडल्याशिवाय ही तपासणी पूर्ण धरू नका. *#०६# दाबून १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक काढा, खोक्यावरच्या आणि जॉबशीटवरच्या (सर्व्हिस सेंटरच्या पावतीवरच्या) आकड्याशी जुळवा. इंग्रजी अक्षरांत केवायएम, एक जागा सोडून तो आकडा, असा एसएमएस १४४२२ ला पाठवला की माहिती येते. 'ब्लॅकलिस्टेड' किंवा 'डुप्लिकेट' आलं तर फोनला हात लावू नका. आयफोन असेल तर 'अबाउट'मध्ये मॉडेल नंबर टॅप न करता बघा: पहिलं अक्षर एम म्हणजे नवा विकलेला, एफ म्हणजे रिफर्बिश्ड, एन म्हणजे बदलीचा.

डिस्प्ले मूळचा अ‍ॅमोलेड असेल तर पूर्ण काळं चित्र लावून हाताच्या आडोशात बघा, कारण अशा पडद्याचा काळा भाग पूर्ण विझतो. काळा भाग राखाडी चमकत असेल तर साधा एलसीडी बसवला आहे. अशा पडद्याखाली बोटाचा ठसाही सहसा चालत नाही आणि उन्हात काही वाचता येत नाही. फोन दुकानाबाहेर नेऊन पूर्ण ब्राइटनेसवर बघाच. तिथेच मोबाइल डेटा बंद करून नकाशात निळा ठिपका येतो का तेही बघा. ई-पीक पाहणीत पिकाचा फोटो जागेसकट लागतो. जीपीएस किंवा कॅमेऱ्याचा फोकस बिघडलेला असेल तर ऐन हंगामात अडकाल.

बॅटरीसाठी ५००० एमएएचच्या फोनवर पूर्ण ब्राइटनेसने अर्धा तास व्हिडिओ चालवा. पाच ते सात टक्के उतरणं ठीक, दहाच्या पुढे गेली तर बॅटरी बदलून मागा. मागचं झाकण काठाला उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगते आहे. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. लिथियम बॅटरीला ती उष्णता आणि चार्जिंग एकत्र सोसत नाही, आणि आधीच थकलेली बॅटरी अशा वेळी लवकर फुगते. पाण्याचं रेटिंग खोक्यावर काहीही असो, एकदा उघडलेल्या फोनचा मूळ सील तुटलेला असतो. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या रोवणीत हा फोन प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवा.

चार्जर नीट बसत नसेल तर लगेच पोर्ट खराब समजू नका. कापूस वेचणीच्या दिवसांत खिशातला तंतू पोर्टमध्ये दाबून बसतो आणि पिन आतपर्यंत जात नाही. फोन बंद करून लाकडी काडीने हळू काढा. सुई घालू नका, आतल्या पिना वाकतात.

जुना फोन देण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढा, गुगल खातं हटवा. खातं राहिलं तर सर्व्हिस सेंटर फोन परत पाठवतं आणि तालुका ते जिल्हा अशी फेरी पुन्हा होते. नव्या हँडसेटवर यूपीआय आणि बँकेचं अ‍ॅप पुन्हा नोंदवावं लागतं, त्यासाठी सिममधून एसएमएस जातो. म्हणून बॅलन्स ठेवा.

कागदात तीन गोष्टी लिहून घ्या: नवा आयएमईआय, उरलेली वॉरंटी कोणत्या तारखेपर्यंत, आणि 'रिफर्बिश्ड' हा शब्द. प्रोटेक्शन प्लॅन आयएमईआयला जोडलेला असतो. प्लॅनमध्ये नवा नंबर चढवला नाही तर पुढचा दावा नाकारला जाण्याचा धोका असतो, तेव्हा बदल झाल्याचा मेसेज आल्याशिवाय काउंटर सोडू नका. पुढे वाद झालाच तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला जॉबशीटसह तक्रार द्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे यवतमाळचा माणूस यवतमाळातच. आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.