रेन्स भारी की ओरिजिनल सेल्टिक्स?

दोन्ही जुन्या काळच्या अमेरिकन बास्केटबॉल टीम. आधी एक क्लिअर करतो, ओरिजिनल सेल्टिक्स म्हणजे आजची बॉस्टनवाली टीम नाही, ही न्यूयॉर्कची, 1914 पासूनची. खेळाडूंना मॅचमागे पैसे देण्याऐवजी सीझनभराचा करार यांनीच रुळवला म्हणे, त्यामुळे तीच पोरं रोज एकत्र खेळायची अन् पासिंग एकदम लोण्यासारखं. त्यांच्या डच डेनर्ट या खेळाडूचा पिव्हट प्ले तर फेमसच, बास्केटकडे पाठ करून उभं राहायचं, बॉल घ्यायचा, बास्केटकडे धावत येणाऱ्याला द्यायचा.

रेन्सचं, म्हणजे न्यूयॉर्क रेनेसान्सचं, प्रकरण वेगळं. 1923 मध्ये बॉब डग्लसने न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये काढलेली पूर्ण कृष्णवर्णीय टीम, होम कोर्ट म्हणजे रेनेसान्स कॅसिनोचा डान्स फ्लोअर, मॅच संपली की तिथेच लोक नाचायचे! पण दौऱ्यावर वर्णभेदामुळे हॉटेलात खोली नाही, जेवायला कुठे बसू देत नाहीत, मग बसमध्येच गार जेवण अन् रात्रीचा लांबचा प्रवास, आणि अशा हालात 1932-33 ला सलग 88 मॅच जिंकल्या राव. ती रांग तोडली कोणी, तर सेल्टिक्सनेच.

सेल्टिक्सने अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या दोन ट्रॉफ्या घेतल्या हे खरं, पण रेन्सना त्या लीगमध्ये घेतलंच नव्हतं, मग तुलना करायची कशी? 1939 ला शिकागोत कृष्णवर्णीय टीमनाही खुली असलेली वर्ल्ड टूर्नामेंट झाली, फायनलला ऑशकॉशच्या टीमला 34-25 हरवून रेन्सच चॅम्पियन. माझं मत रेन्सला.