व्यापारी कायद्यासाठी बेअर अ‍ॅक्ट: दोन सत्रे वापरल्यानंतर

नाशिकमध्ये बीकॉम-बीबीएची बरीच मुले व्यापारी कायदा नुसत्या गाइडवर काढतात. गाइडसोबत मूळ कायद्याची प्रत, म्हणजे बेअर अ‍ॅक्ट, दोन सत्रे सतत हाताशी ठेवली तर काय पदरात पडते आणि कुठे फसायला होते, त्याचा हा अनुभव.

प्रत विकत घ्यायलाच हवी असे नाही. इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर ती फुकट मिळते. करार कायदा १८७२ छापताना कलम ७५ नंतर एकदम १२४ येते, तेव्हा पाने गहाळ झाली असे समजू नका. ७६ ते १२३ ही कलमे १९३० च्या मालविक्री कायद्यात गेली आणि २३९ ते २६६ ही १९३२ च्या भागीदारी कायद्यात.

वाचताना पेन्सिल हवीच. आधी मुख्य नियम, मग 'परंतु'ने सुरू होणारा भाग, मग स्पष्टीकरण, शेवटी उदाहरणे. 'आणि', 'किंवा' या शब्दांभोवती गोल करा, कारण बहुतेक गुण तिथेच जातात. करार कायद्याचे कलम २५ बघा. प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यात मिळणारा मोबदला, नसलेला करार प्रेमापोटी केला तर वैध, एवढेच मुले लिहितात. कायद्याला मात्र जवळचे नाते, नैसर्गिक प्रेम, लेखी दस्त आणि त्याची नोंदणी हे सगळे एकत्र लागते. एक जरी नसले तरी या अपवादाचा आधार जातो.

करार कायद्यातली उदाहरणे हा या प्रतीचा खरा ठेवा आहे. मालविक्री कायद्याच्या कलम २२ खाली मात्र एकही उदाहरण नाही, तिथे आपल्या जिल्ह्यातले घ्यावे. निफाडच्या शेतकऱ्याने चाळीतला ठरावीक कांदा क्विंटलच्या भावाने विकला आणि किंमत काढण्यासाठी वजन करून देणे त्याच्याकडेच ठेवले. वजन होऊन खरेदीदाराला ते कळेपर्यंत मालकी शेतकऱ्याचीच. वेगळे काही ठरले नसेल तर कलम २६ प्रमाणे जोखीमही त्याचीच, म्हणजे मध्येच पावसाने कांदा भिजला तर नुकसान त्याचे. पण वजन खरेदीदाराने करायचे ठरले असेल, तर कलम २२ लागूच होत नाही. हा फरक उत्तरात आला की परीक्षकाला समजते की कलम वाचलेले आहे. लासलगावच्या लिलावावरून कलम ६४ असेच पक्के बसते: हातोडा पडेपर्यंत किंवा रूढ पद्धतीने लिलाव पुरा होईपर्यंत बोली मागे घेता येते.

आता उणिवा. पहिली मोठी. निवाडे या प्रतीत नसतात. करार कायद्याचे कलम ११ करार करायला कोण सक्षम हे सांगते, पण अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाचा करार मुळातूनच शून्य की फक्त रद्द करता येण्याजोगा, हे सांगत नाही. ते प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९०३ साली मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात ठरवले. निवाड्यांसाठी पाठ्यपुस्तक लागतेच, तेवढ्यापुरते गाइडही चालते.

दुसरी उणीव जास्त घातक. कायद्यातला आकडा नियमांनी बदललेला असू शकतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये जिल्हा ग्राहक आयोगाकडे नेता येणाऱ्या तक्रारींची मर्यादा १ कोटी रुपये छापली आहे. २०२१ च्या नियमांनी ती ५० लाखांवर आणली, राज्य आयोगाची ५० लाख ते २ कोटी केली. मर्यादा मोजायची ती ग्राहकाने दिलेल्या मोबदल्यावर, मागितलेल्या भरपाईवर नव्हे. म्हणून कायद्यासोबत नियमही छापून घ्या.

परक्राम्य संलेख कायद्यातले (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) धनादेश न वटण्याचे कलम १३८ तर जुन्या गाइडवरून अजिबात करू नका. बँकेकडून कळल्यापासून नोटीस द्यायची मुदत पूर्वी १५ दिवस होती, २००२ च्या दुरुस्तीने ती ३० झाली, आणि कैदेची कमाल मर्यादा एक वर्षावरून दोन वर्षे. सेकंडहँड पुस्तकांत जुने आकडे अजून सापडतात. नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस असतात, म्हणजे १० जुलैला मिळाली तर २५ जुलैपर्यंत. हे दिवस संपण्याआधी केलेली तक्रार टिकत नाही. ते संपल्यावर तक्रारीला एक महिना मिळतो. 'तीस दिवस' आणि 'एक महिना' हे कायद्याने वेगवेगळे शब्द वापरले आहेत, उत्तरातही तसेच ठेवा.